यात उदात्तीकरण कुठे?



‘द प्रॅक्टिस’ ही मालिका गुन्हेगारांना सोडवणाऱ्या वकिलांचे उदात्तीकरण करते, हे गेल्या अंकातले पत्र वाचले आणि राहवले नाही. मला तर ती नेमकी उलटी वाटते.

डेव्हिड ई. केली यांच्या या मालिकेतल्या (१९९७-२००४) बॉस्टनच्या छोट्या फर्मचा हातखंडा म्हणजे ‘प्लॅन बी’. पुरावा अंगाशी आला की संशय दुसऱ्या कुणावर ढकलायचा. त्यांचा अशील जॉर्ज व्होगलमन याच्या बॅगेत एका तरुणीचे कापलेले शीर सापडते. वकील बोट दाखवतात ते तिच्याच भावाकडे! जॉर्ज सुटतो, आणि पुढे ननच्या वेशात येऊन त्याला वाचवणाऱ्या फर्मच्या वकील लिंडसेलाच भोसकतो. तो प्रसंग पाहून मी कितीतरी वेळ टीव्हीसमोर सुन्न बसले होते.

‘असे खटले घेऊच नयेत’ हे त्या पत्रातले म्हणणे तर मुळीच पटत नाही. अमेरिकेत १९६३च्या गिडियन खटल्याच्या निकालाने गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीलाही सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. आपल्या घटनेचे कलम २२ अटकेतल्या माणसाला वकिलाचा हक्क देते. तो हक्क वापरताना वकिलाच्या मनाचे काय होते, हे इतक्या प्रामाणिकपणे दाखवणारी दुसरी मालिका मी पाहिलेली नाही.

– एक वाचक, ठाणे