मेलेली नायिका परत येते तेव्हा

‘शेवटी ती मेली होती ना? मग दुसऱ्या भागात कशी आली?’ हा प्रश्न परवा आमच्या वर्गात तास सुरू होण्यापूर्वी निघाला आणि घंटा झाली तरी मिटला नाही. गोष्ट भयपटांची चालली होती. कुणी ते थिएटरात पाहतो, कुणी मोबाईलवर. पण पाहतात बहुतेक सगळेच. तेव्हा या प्रश्नाचा थोडा विचार आपल्या वार्षिकात केला तर वावगे ठरू नये.

भयपटाचा पहिला भाग चालला, की निर्मात्याला दुसरा हवा असतो. पण नायिकेला मारून ठेवलेले असले तर काय करायचे? मग युक्त्या सुरू होतात. ते मरण खोटेच होते म्हणावे, तिची जुळी बहीण काढावी, नाहीतर मागचे भाग घडलेच नाहीत असे समजावे! अमेरिकेतल्या ‘हॅलोविन’ मालिकेतील लॉरी स्ट्रोड हे याचे ठळक उदाहरण. १९७८ च्या पहिल्या चित्रपटात ती खुन्याच्या तावडीतून वाचली. १९८८ च्या चौथ्या भागात ती अपघातात वारल्याचे सांगितले. १९९८ मध्ये कळले, की ते मरण तिने स्वतःच रचले होते. २००२ मध्ये खुन्याने तिला खरोखरच मारले. आणि २०१८ मध्ये पहिला चित्रपट तेवढा खरा धरून, बाकी सगळे पुसून, ती पुन्हा उभी राहिली.

यात चांगले काहीच नाही असे मी म्हणणार नाही. २०१८ साली लॉरीचे काम करणारी जेमी ली कर्टिस साठीला टेकली होती. त्या वयाच्या स्त्रीला नायिका म्हणून पडद्यावर जागा मिळाली, याचा आनंदच आहे. पण मरण इतके स्वस्त झाले, की प्रेक्षकाला त्याचे दुःख कसे व्हावे?

आपल्याकडे काय दिसते? २००७ च्या ‘भूलभुलैया’त मंजुलिका ही राजाच्या जुलुमाने मेलेली बंगाली नर्तकी. त्या चित्रपटात तिचे भूत नव्हतेच. अवनी नावाच्या सुनेला मानसिक आजार होता, असा उलगडा शेवटी डॉक्टर करतो. २०२२ च्या दुसऱ्या भागात मात्र खरोखरचे भूत आले, आणि मंजुलिका हे नाव जुळ्या बहिणींच्या एका नव्याच हकीकतीला चिकटवले गेले. २०२४ च्या तिसऱ्या भागात हकीकत आणखी बदलली. नाव टिकले, नाच टिकला, मोकळे केस टिकले. पहिल्या मंजुलिकेवर झालेला अन्याय तेवढा कुणाच्या लक्षात राहिला नाही!

याउलट आपला मराठी तात्या विंचू पाहा. १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये भुवयांच्या मध्यभागी गोळी लागून तो संपला. २०१३ मध्ये दुसऱ्या भागात परतला तो त्याच बाहुल्यातून, तेच वैर घेऊन. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच आपल्याला सोडून गेले होते. त्यांच्या जागी दुसरा लक्ष्या उभा न करता लक्ष्याच्या मुलाला नायक केले. बाहुल्याच्या गमतीच्या चित्रपटाला मेलेल्यांचा जो मान राखता आला, तो मंजुलिकेच्या वाट्याला का येऊ नये?

हा प्रश्न मला बोचतो त्याला कारण आहे. माझ्या आजीला अक्षरओळख नाही, पण तिच्याजवळ आमच्या गावच्या हडळीची एक गोष्ट आहे. सासरी येऊन वर्ष झाले नव्हते अशी एक पोर विहिरीत सापडली. कागदावर लिहिले गेले, पाय घसरला. तेव्हापासून अवसेला ती विहिरीवर बसते म्हणतात. भुतांवर माझा विश्वास नाही आणि लहानपणी मी ही गोष्ट हसण्यावारी नेत असे. एकदा आजी म्हणाली, ‘अगो, कठड्याची विहीर ती. पाय घसरेल कसा?’ त्या दिवशी माझे हसू गेले. जे गावाला कुणापुढे बोलता आले नाही, ते बायकांनी भुताच्या गोष्टीत जपून ठेवले होते. आजी ती गोष्ट शंभरदा सांगते, पण विहीर बदलत नाही आणि मरणही बदलत नाही. बदलले तर त्या पोरीचे काय उरेल?

चित्रपटालाही हे जमते. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’त (१९५८) जमीनदारापासून अब्रू वाचवताना नायिकेचा प्राण जातो. पुढे तिच्यासारखी दिसणारी माधवी येते, मग मधुमती स्वतः येते, आणि जमीनदाराला गुन्हा कबूल करावा लागतो. तिथे नायिका परत येते ती आपले मरण सांगायला, पुसायला नव्हे.

‘करमणूक आहे, एवढे मनावर का घेतेस?’ असे मैत्रिणी म्हणतात. मान्य आहे, करमणूकच आहे. पण बाईच्या मरणाचे कारण विसरायची सवय आपल्याला आधीच पुष्कळ आहे, ती तिकीट काढून आणखी कशाला वाढवावी? मेलेल्या नायिकेला दहा वेळा परत आणा, आम्ही पाहू. फक्त ती कशाने मेली, हे तिला आणि आम्हाला विसरायला लावू नका.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला