कृष्णविवराशी आपला काय संबंध?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

शीर्षक वाचून काहींनी पान उलटण्याची तयारी केली असेल. कला शाखेच्या मुलीने कृष्णविवरावर लिहावे हा आगाऊपणाच, असेही कुणाला वाटेल. माझ्या एका मैत्रिणीने तर स्पष्टच विचारले, "आपले पेपर इतिहासाचे अन् मराठीचे, अन् तू हे काय काढलंस?" तिच्या प्रश्नाला उत्तर द्यावे, म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, 'लायगो-इंडिया' नावाची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली व एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिथे आकाशाकडे रोखलेली दुर्बीण नसेल. एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या असतील आणि त्यांतून लेसरचा किरण ये-जा करील. गुरुत्वाकर्षणाची लाट पृथ्वीवरून गेली, की एका नळीची लांबी किंचित वाढते, दुसरीची किंचित घटते. तेवढाच फरक मोजायचा. अशी लाट अमेरिकेतील दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर, सूर्याच्या ३६ पट व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. तीन सूर्यांइतके वस्तुमान लाटांच्या रूपाने बाहेर पडले, आणि इथे पोहोचेपर्यंत त्या लाटेने नळीच्या लांबीत केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान होता.

कृष्णविवर म्हणजे काय, हे समजायला इस्लापूरच्या माणसाला लांब जावे लागत नाही. पावसाळ्यात सहस्रकुंडावर उभे राहावे. धबधब्याच्या बरेच वर, पैनगंगा संथ असते तिथे, मासा प्रवाहाविरुद्ध सहज पोहतो. कड्याजवळ येता येता पाण्याचा वेग वाढतो. एका ठिकाणी तो माशाच्या वेगाहून अधिक होतो आणि तिथून मागे फिरणे संपते. त्या जागी पाण्यावर कुणी रेघ ओढलेली नसते. माशाच्या जागी प्रकाश धरा. कृष्णविवराची सीमा अशीच असते. हा दृष्टांत माझा नव्हे. प्रवाहात अडकलेल्या ध्वनिलहरींची अशीच तुलना कॅनडाचे शास्त्रज्ञ विल्यम अन्रू यांनी १९८१ साली गणिताने मांडली. मी फक्त पैनगंगा आणली.

पाण्याचीच आणखी एक गोष्ट आहे. १८३४ साली स्कॉटलंडमध्ये जॉन स्कॉट रसेल नावाचा अभियंता कालव्याच्या काठाने चालला होता. ओढली जाणारी नाव अचानक थांबली, पण तिच्यापुढचा पाण्याचा उंचवटा थांबला नाही. तो आपला आकार न मोडता तसाच पुढे निघाला, आणि रसेल घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्या मागे गेला. अशा न विस्कटणाऱ्या एकट्या लाटेला १९६५ मध्ये 'सॉलिटॉन' हे नाव मिळाले. आता सिद्धांतावर काम करणारे शास्त्रज्ञ विचारतात : अवकाशातही एखादा उंचवटा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने बांधून राहू शकेल का? कागदावर अशा वस्तू उभ्या राहतात. लांबून त्या कृष्णविवरासारख्याच ओढतील. मात्र 'इथून परत येणे नाही' अशी सीमा त्यांना नसेल. आजवर अशी वस्तू कुणाला सापडलेली नाही.

मग दोहोंतला फरक ओळखायचा कसा? बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये गणिताने दाखवले, की कृष्णविवराला धक्का बसला तर ते घंटेसारखे घुमते आणि लगेच शांत होते. तो सूर केवळ त्याच्या वस्तुमानावर आणि फिरण्यावर ठरतो. घंटा पितळेची की मातीची, हे जसे नादावरून कळते, तसे टकरीनंतरच्या या घुमण्यावरून ती वस्तू कृष्णविवरच होती की आणखी काही, हे तपासता येते. शिवाय हा नाद गोंगाटात बुडालेला असतो. जत्रेच्या गलबल्यातही आई आपल्या लेकराचे रडणे ओळखते, कारण ते तिला आधीपासून ठाऊक असते. लाटेचा नमुना आधी गणिताने काढून ठेवायचा आणि मग तो गोंगाटात शोधायचा, यावर पुण्याच्या 'आयुका'चे संजीव धुरंधर यांनी बी. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ मध्ये मूलभूत काम केले. तेव्हा एकही लाट कुणाला सापडली नव्हती. पहिली सापडायला पुढे चोवीस वर्षे लागली.

इथे माझा मुद्दा येतो. औंढ्याचे यंत्र कितीही मोठे असले, तरी त्याने काय ऐकले हे सांगणारी माणसे कागद-पेन्सिल घेऊन बसलेली असतात. कोल्हापुरात जन्मलेले विष्णु वासुदेव नारळीकर बनारसला सापेक्षतेचे गणित शिकवीत. त्यांच्याजवळ काम करायला गेलेल्या प्र. चु. वैद्यांनी १९४३ मध्ये, महायुद्धाच्या काळात, प्रकाश फेकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे सूत्र मांडले. त्यासाठी कोणते यंत्र लागले? सिद्धांताचे काम गरीब देशाला परवडते, आणि म्हणून, माझ्या अल्पमतीप्रमाणे, ते गरीब गावालाही परवडायला हवे.

पण तसे घडत नाही. मी दहावीला होते तेव्हा मला गणित आवडे. विज्ञान शाखेसाठी नांदेडला खोली करून राहावे लागले असते. भाड्याचा हिशेब बसला नाही, आणि एकट्या मुलीला ठेवायला घर तयार नव्हते. घरात कॉलेजची पायरी चढलेले माझ्याआधी कुणी नाही, त्यामुळे दुसरी वाट सांगणारेही कुणी नव्हते. मी कुणाला दोष देत नाही. कला शाखेने मला पुष्कळ दिले आहे. परंतु एक शाखा निवडली म्हणजे दुसऱ्या शाखेचे कुतूहलही दारात काढून ठेवायचे, हे मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शेतकरी अडचणीत असताना २६०० कोटी रुपये लाटा मोजायला का? मी कापूस वेचलेली मुलगी आहे. हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. या वेधशाळेने पाऊस पडणार नाही आणि कापसाला भावही मिळणार नाही. मात्र 'उपयोग काय' याचे उत्तर लगेच मिळतेच असे नाही. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षणाची समीकरणे मांडली तेव्हा ती कुणाच्या उपयोगाची नव्हती. आज शेताची मोजणी उपग्रहांच्या साह्याने होते. त्या उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती आइन्स्टाइनच्या गणिताने केली नाही, तर एका दिवसात काही किलोमीटरची चूक होईल. बांधावरून भांडणाऱ्या भावकीला हे ठाऊक नसते, एवढेच.

घरी मी हे सारे सांगितले तेव्हा बाबांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "लेकरा, तिथं आपल्या लोकाला काम लागंल का?" मी म्हणाले, "लागेल की." ते म्हणाले, "वाचमनचं?" मला उत्तर सुचले नाही.

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या एका शब्दासाठी लिहिला आहे. वेधशाळा मराठवाड्यात येईल. पण फाटकावर आपली माणसे आणि आतल्या टेबलांवर सगळी बाहेरची, असे झाले तर ती आपल्या शेजारी असून आपली होणार नाही. वाचमनचे काम हलके नाही. तेवढेच आपल्या वाट्याला यावे, हे मात्र मला खटकते.

म्हणून प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे. ग्रंथालयात मराठी विज्ञानपुस्तकांचे एक कपाट असावे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठविली, तिचे नावच 'कृष्णविवर' होते. तिथून सुरुवात करता येईल. वर्षातून एक व्याख्यान कला शाखेसाठी विज्ञानावर ठेवावे, आणि परवानगी मिळेल तेव्हा आपली सहल औंढ्याला न्यावी. विद्यार्थ्यांनी एकच करावे : गावाकडे दहावीत गणित आवडणारी एखादी मुलगी असेल, तर तिच्या घरी जाऊन तिच्या बाबांशी बोलावे. माझ्या घरी तसे कुणी आले नव्हते.