ढोलकीवरचे चमच्याचे वण

निकाहची तारीख ठरली, घराला रंग काढायचे ठरले, की माळ्यावरची ढोलक खाली येते. एका बाजूची पुडी फाटलेली, दोरी सैल, लाकूड कुठे काळपट तर कुठे पांढुरके. मग घरातले कोणीतरी म्हणते, "पेंटर आलाच आहे, दाराच्या ऑइलपेंटचा एक हात हिलाही मारू." पेंटरला चहा जरूर द्या, पण ढोलक त्याच्या हाताला लागू देऊ नका.

ढोलक घरात वाजावी की नाही, यावर घराघरांत वेगवेगळी मते आहेत. ती ज्याची त्याच्याजवळ. ज्यांच्याकडे रतजग्याला, मेहंदीला दादी-नानीच्या काळापासून ढोलकचे गीत होत आले आहेत (मराठवाड्यात तर हे फार), त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

ऑइलपेंट लाकडावर जाड सालीसारखा बसतो. दोरीच्या कड्या ओढल्या की त्याचे पोपडे निघतात आणि खालच्या शिसवीच्या रेषा कायमच्या झाकल्या जातात. लाखेचे पॉलिश तसे नाही. ते पातळ असते आणि स्पिरिटने पुन्हा विरघळते, म्हणजे वीस वर्षांनी घरातल्या सुनेला ते काढून नव्याने करता येते. लाख हा पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव. आपल्या देशात तिचे सर्वात मोठे उत्पादन झारखंडात होते, आणि रांचीजवळ नामकुमला 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. मिरजेत सतारी-तंबोरे घडवणारी शिकलगार घराणी मूळची हत्यारांना धार आणि झिलई देणारी. त्यांच्या वाद्यांवरही लाखेचेच पॉलिश हाताने चढत आले आहे.

काम सुरू करायची योग्य वेळ म्हणजे पुडी बदलायची असेल तेव्हा. तबला-ढोलकी भरणाऱ्या कारागिराकडून जुन्या पुड्या आणि दोरी उतरवून घ्या, नुसते खोड घरी आणा, पॉलिश झाले की परत त्याच्याकडे द्या. पुड्या चढलेल्या असताना ओल्या फडक्याने चामडे बिघडते. मोठ्या बाजूच्या पुडीला आतून काळा मसाला असतो, तो घरी खरवडायच्या भानगडीत पडू नका. अमरोह्याकडून येणाऱ्या ढोलकी आंब्याच्या किंवा शिसवीच्या लाकडाच्या असतात. आंबा हलका आणि फिकट, शिसव जड आणि काळसर. उचलून पाहिले तरी कळते.

आधी खोड कोरड्या कापडाने पुसा, आतही हात घालून पाहा. पिठासारखा बारीक भुसा हाताला लागला तर लाकडाला कीड आहे, ते कारागिराला दाखवा. मग दोरीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी कापसाने थोडे स्पिरिट चोळा. चिकट झाले तर जुने पॉलिश लाखेचे आहे. अशा वेळी घासायची गरजच नाही. स्पिरिटच्या बोळ्याने मळ काढून वर नवे हात द्यायचे. काहीच झाले नाही तर तो ऑइलपेंट किंवा वॉर्निश समजा.

इथे मात्र थांबा. जुन्या चकचकीत रंगांत, विशेषतः लाल-पिवळ्या-हिरव्यांत, शिसे असू शकते. घरगुती रंगांत 90 पीपीएमपेक्षा जास्त शिसे नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. आपली ढोलक त्याच्या किती आधीची आहे ते तुम्हीच पाहा. असा रंग कोरडा घासला की धूळ घरभर उडते, आणि रांगत्या बाळाच्या बोटांवाटे पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार घातक असते. म्हणून हे काम गच्चीवर किंवा अंगणात, चांगला मास्क लावून, पाणी लावायच्या पॉलिश पेपरने करा. मुले आणि गरोदर बाई आसपास नकोत. कपडे वेगळे धुवा. आणि रंग घट्ट बसलेला असेल तर तो काढूच नका, ओल्या कापडाने पुसून तसाच राहू द्या. जुन्या ढोलकीने नवरीइतके चमकलेच पाहिजे असे कुठे आहे?

पॉलिश करणे सोपे आहे. 50 ग्रॅम चपडा पाव लिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजवा, लोखंडी डबा नको, त्याने काळेपणा येतो. सकाळी मलमलीतून गाळा. हे स्पिरिट विषारी असते आणि भडकन पेटते, तेव्हा स्वयंपाकघरापासून आणि मुलांपासून दूर ठेवा. कापसावर मलमल गुंडाळून बोळा करा आणि लाकडाच्या रेषेने हलके हात द्या. दोन हातांत अर्धा तास जाऊ द्या. सहा-सात हात पुरतात. पावसाळ्यात करू नका, दमट हवेत पॉलिश पांढरे पडते. खोड उन्हातही ठेवू नका, तडकते. आतून आणि पुडी टेकते त्या कडेवर पॉलिश नको. कड घासलीत तर पुडी सरळ बसणार नाही आणि सूर लागणार नाही.

आता चमच्याचे वण. गीत गाताना एक जण पुडी वाजवते आणि दुसरी समोर बसून चमच्याने लाकडावर ठेका धरते. त्या जागी बारीक खड्डे पडतात. ओले फडके ठेवून वर गरम इस्त्री टेकवली तर दबलेले लाकूड फुगते आणि असे बरेचसे खड्डे भरून येतात. मी ते करू देत नाही. आमच्या ढोलकीवर हे वण एकाच बाजूला, जवळजवळ आहेत. खाला नेहमी डावीकडे बसायच्या, हे त्यांच्यावरून अजून सांगता येते. त्यांवरून नुसता पॉलिशचा बोळा फिरवा, लांबी भरू नका.

शेवटचा हात दिल्यावर आठवडाभर खोड सावलीत उभे ठेवा. घाईने दोरी ओढली तर ती कच्च्या पॉलिशमध्ये रुतते आणि तिथेच चिकटते. म्हणजे तारखेच्या महिनाभर आधी ढोलक माळ्यावरून काढा, कारागिरालाही लग्नसराईत सवड नसते.