सतरा विजय आणि मऊ वेळापत्रकाचा आक्षेप

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये हंगामाच्या पहिल्या सामन्यापासून सुपर बाउल या अंतिम सामन्यापर्यंत एकदाही न हरता, एकदाही बरोबरी न पत्करता विजेता ठरलेला संघ एकच आहे : १९७२ चा मायामी डॉल्फिन्स. साखळीतले १४ सामने आणि बाद फेरीतले ३, सगळे जिंकले. पन्नास वर्षे उलटून गेली तरी दुसऱ्या कुणाला हे जमलेले नाही. तरीही या हंगामाचा विषय निघाला की नाक मुरडणारे भेटतातच. त्यांचे म्हणणे, डॉल्फिन्सना त्या वर्षी वेळापत्रकच मऊ मिळाले होते.

हा पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण त्यातले आकडे खरे आहेत. साखळीत डॉल्फिन्सशी खेळलेल्या संघांपैकी हंगामाअखेर पराभवांपेक्षा विजय जास्त असलेले दोनच निघाले : कॅन्सस सिटी चीफ्स आणि न्यूयॉर्क जायंट्स. दोघांचेही ८ विजय, ६ पराभव. ह्यूस्टन ऑयलर्सनी वर्षभरात एकच सामना जिंकला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी तीन जिंकले, आणि त्यांच्याशी तर डॉल्फिन्स दोनदा खेळले. एकदा ५२-० असे जिंकले.

पण या मोजणीत एक गफलत आहे. न्यूयॉर्क जेट्स ७ विजय, ७ पराभव असे संपले म्हणून ते ‘दुबळ्यां’त धरले जातात. त्या सात पराभवांपैकी दोन डॉल्फिन्सनीच केलेले. ते वजा केले तर जेट्स इतरांविरुद्ध ७-५. मिनेसोटा वायकिंग्जही ७-७, डॉल्फिन्सचा सामना वगळला तर ७-६. म्हणजे दोनाचे चार झाले. ज्याला पाडले त्याचे पडणेच तो मुळात अधू असल्याचा पुरावा म्हणून पुढे करायचे, हा कुठला न्याय? शिवाय वेळापत्रक लीग ठरवते. संघाच्या हातात समोर आलेल्याशी खेळणे एवढेच असते.

आणि बाद फेरीचे काय? क्लीव्हलँड ब्राउन्स १०-४, पिट्सबर्ग स्टीलर्स ११-३, वॉशिंग्टन ११-३. यातल्या कुणाला दुबळे म्हणणार? त्या काळी बाद फेरीतले यजमानपद पाळीपाळीने ठरायचे, त्यामुळे एकही सामना न हरलेल्या डॉल्फिन्सना उपांत्य लढतीसाठी पिट्सबर्गला, स्टीलर्सच्या मैदानावर जावे लागले. वेळापत्रकाची चर्चा करणारे या पानावर फारसे थांबत नाहीत.

माझ्या मते आक्षेपाचे खरे उत्तर पाचव्या आठवड्यात आहे. सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध खेळताना क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा पाय मोडला. क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते तो खेळाडू. तो गेला की बहुतेक संघांचा हंगामच संपतो. डॉल्फिन्सकडे राखीव होता ३८ वर्षांचा अर्ल मॉरल. १९६८ मध्ये हाच मॉरल बाल्टिमोर कोल्ट्सकडून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. डॉल्फिन्सचे प्रशिक्षक डॉन शुला तेव्हा कोल्ट्सचे प्रशिक्षक होते. पण त्या हंगामाच्या सुपर बाउलमध्ये मॉरलचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, आणि सहज जिंकणार म्हणून गाजलेले कोल्ट्स जेट्सकडून १६-७ असे हरले. तो डाग दोघांनाही चिकटला. १९७२ मध्ये बाल्टिमोरने मॉरलला सोडले, तेव्हा शुलांनी त्याला अवघे १०० डॉलर शुल्क भरून घेतले.

साखळीतले उरलेले नऊही सामने मॉरलने सुरू केले, आणि नऊही जिंकले. नोव्हेंबरमध्ये त्याच जेट्सविरुद्ध हा अडतिशीतला, पळण्यासाठी कधीच नावाजला न गेलेला गडी चेंडू घेऊन स्वतः ३१ यार्ड धावला आणि टचडाउन करून आला. तो सामना २८-२४ असा सुटला. मला या साऱ्या हंगामातली सर्वांत मोलाची घटना हीच वाटते.

हे शक्य झाले, कारण शुलांनी संघ एका माणसावर उभा केलाच नव्हता. लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस या दोघांनी त्या हंगामात चेंडू घेऊन धावत प्रत्येकी हजार यार्डांची मजल गाठली; एकाच संघातल्या दोघांनी असे करण्याची लीगमधली ती पहिलीच वेळ. त्यांना वाट करून देणारे लॅरी लिटल आणि जिम लँगर समोरची फळी बाजूला सारत. बचाव फळीत नावाजलेले फारसे कुणी नाही म्हणून तिला ‘नो-नेम डिफेन्स’ म्हणत. तिने साखळीत १७१ गुण दिले, लीगमध्ये सर्वांत कमी. संघाने केलेले ३८५ गुण लीगमध्ये सर्वांत जास्त. दोन्ही टोकांना पहिला असलेला संघ केवळ सोप्या वेळापत्रकाच्या जोरावर जिंकला, हे पटण्यासारखे नाही.

नशिबाचाही मुद्दा काढतात : बफेलोविरुद्ध एका गुणाने वाचले, मिनेसोटाविरुद्ध दोन गुणांनी. वाचले खरे. पण मिनेसोटात, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, १४-६ असे मागे असताना आधी ५१ यार्डांचा फील्ड गोल आणि मग अखेरच्या मिनिटांत टचडाउन, हे नशीब एकट्याने करत नाही.

राहिला सामन्यांच्या संख्येचा मुद्दा. सामने कमी असले की अपराजित राहणे सोपे, असे म्हणणाऱ्यांनी शिकागो बेअर्स आठवावेत. १९३४ मध्ये साखळीत १३-०, १९४२ मध्ये ११-०, आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात पराभव. २००७ चे पेट्रियट्स साखळीतले सोळाही सामने जिंकून सुपर बाउलमध्ये पोहोचले आणि जायंट्सकडून १७-१४ असे हरले. प्रत्येक काळात अडखळण्याची जागा शेवटचीच निघाली.

डॉल्फिन्स तिथेही टिकले. पिट्सबर्गला उत्तरार्धात शुलांनी मॉरलला बसवून बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरवले आणि सामना २१-१७ असा जिंकला. सुपर बाउलही ग्रीसीनेच सुरू केला. वॉशिंग्टनवर १४-७ असा विजय. मॉरलने तो निर्णय मानला. त्या संघातले ग्रीसी, झोंका, लिटल, लँगर, पॉल वॉरफिल्ड आणि निक बुओनिकाँटी हे सहा खेळाडू ओहायोतल्या कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मॉरल तिथे नाही. १९७२ च्या हंगामाबद्दल कुणाला तक्रार करायचीच असेल, तर ती या गोष्टीची करावी.