नाच शिका, त्याचा इतिहासही शिका

पिंपरी, चिंचवड, भोसरीत आज गल्लोगल्ली डान्सचे क्लास आहेत. गॅदरिंग जवळ आले की कंपनीतून दमून आलेला बाप मुलीच्या ड्रेसचे पैसे मोजतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. मुलींनी जरूर नाचावे. आमचा प्रश्न एवढाच, की आपल्या मातीतला नाच या क्लासमध्ये यावा काय, आणि आला तर कसा यावा?

चीनमध्ये १९५४ साली बीजिंगला नृत्यशाळा निघाली. तिच्या पहिल्या प्राचार्या दाई आयलिएन यांनी त्याआधीच सीमाभागातील लोकांचे नाच शिकून ते रंगमंचावर आणले होते. त्या शाळेत बॅलेबरोबर तिबेटी, मंगोल, उइगुर लोकांचे नाचही अभ्यासक्रमात आले.

आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात कथक व भरतनाट्यम् यांची पदवी मिळते. लावणी-तमाशाला मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीने वर्गात जागा दिली. चाकणच्या पुढे, नाशिक रस्त्यावरच, विठाबाईंचे नारायणगाव आहे. विठाबाईंना राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला, तरी २००२ साली निधन होण्यापूर्वीचे त्यांचे दिवस हलाखीतच गेले.

येथे आपल्या आयाबाया विचारतील, ज्या नाचातून लेकींना बाहेर काढले, त्यातच पुन्हा का घालायचे? प्रश्न रास्त आहे. लोकांनी तमाशातल्या बाईच्या कलेला टाळ्या दिल्या, बाईला मान दिला नाही. म्हणूनच पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेले तमाशाचे पैसे बाबासाहेबांनी नाकारले. मात्र त्यांच्याच चळवळीत भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला. साचा तमाशाचा ठेवला, आतला विचार बदलला.

नृत्यशिक्षणाने हीच वाट धरावी, असे आम्हांस वाटते. जातीने लादलेला नाच वेगळा आणि मुलीने स्वखुशीने शिकलेली कला वेगळी. लावणी शिकवायची तर ती कोणी जपली, जपणाऱ्यांनी काय सोसले, हेही मुलांना सांगावे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही कला आहे, त्यांना एका दिवसाच्या कार्यक्रमाला नव्हे, तर गुरू म्हणून बोलवावे आणि योग्य मानधन द्यावे.

पालकांनो, पुढच्या वेळी क्लासची फी भरताना सरांना एवढे जरूर विचारा: हा नाच कोणाचा, आणि त्यांच्यापैकी कोणी येथे शिकवते काय?