पडद्यावरचा राजगड
दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलाला प्रमाणाची फिकीर नसते. गड हातभर, आणि त्यावर बसलेले महाराज महादरवाजाच्या दुप्पट उंच! पण कडा उभाच असला पाहिजे, हे त्याला पक्के ठाऊक असते. माती घसरली तर तो आतून वीट लावतो, पण कड्याचा उतार होऊ देत नाही.

मी भोरला मराठी शिकवतो, आणि हल्ली वर्गात भिंतीवर डोंगर उभे करतो. म्हणजे उभे संगणक करतो; मी बटण दाबतो. 'मराठीच्या तासाला नकाशा कशाला?' असे एका सहकाऱ्यांनी विचारलेच. वाचकहो, जुन्या पत्रांत हिरडस मावळ, रोहिड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे अशी नावे येतात. मुले ती पाढ्यासारखी म्हणत. पडद्यावर दोन खोऱ्यांमधली धार उठून दिसली, तेव्हा वेल्ह्याहून येणारा एकजण म्हणाला, "म्हणजे सर, आमची एस.टी. वळसा घालते तो हिच्यापायी!" धारेची याहून चांगली व्याख्या मला जमली नसती.

हे डोंगर संगणकात आले कोठून? फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अमेरिकन अवकाशयानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. ती मोजणी आज कोणालाही फुकट मिळते. साधारण ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची, असा तिचा हिशेब. खोरी दाखवायला तो उत्तम. गडाशी मात्र त्याचे जमत नाही. त्या चौकोनांत कड्याचा उतार होतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या आमच्या राजगडाचा बालेकिल्ला पडद्यावर पाघळलेल्या गुळाच्या ढेपेसारखा दिसला! सुवेळा माचीवरचे नेढे तर नाहीच. एका जागेला एकच उंची म्हटल्यावर खडकाचे आरपार भोक राहणार कोठे?

"सर, यंत्राला सुई ओवता येत नाही," मागच्या बाकावरून आवाज आला. मग तो सगळा तास मी नेढ्यावरच घेतला. सुईचे नेढे, डोंगराचे नेढे. मग सोंड, माची, खिंड, घळ. यंत्राजवळ नुसते आकडे. मुलांनी त्या आकड्यांवर शब्द लिहायला घेतले.

लिहिता लिहिता ती भाटघरला आली आणि थांबली. वेळवंडी नदीवरचे हे धरण १९२८ साली पुरे झाले. रडार पाण्याच्या तळाशी जात नाही. पडद्यावर तेथे सपाट पत्रा. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबरेश्वराचे देऊळ वर येते, जुनी शेते दिसू लागतात. त्या शेतांची नावे कोणत्याच नकाशात नाहीत. वर्गातल्या एका मुलीच्या आजीला मात्र ती येतात. तिनेही ती शेते पिकलेली पाहिलेली नाहीत. नावे सासूकडून आलेली. अकरा नावे. गेल्या मे महिन्यात मुलांनी गाळ तुडवीत त्यांतली सात जागेवर नेऊन बसवली. चार अजून पाण्याखाली आहेत, आणि आजी आता नावांची अदलाबदल करू लागली आहे. पुढच्या मेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

या सुट्टीत मुले तिचे बोलणे फोनवर उतरवून घ्यायला जाणार आहेत. तिचा निरोप आला आहे : सकाळीच या, दुपारी माझा डोळा लागतो.