मेल उघडलात ना, मॅडम?

गेल्या महिन्यातली गोष्ट. एका एजन्सीबरोबर माझी मानधनावरून घासाघीस चालली होती. त्यांचा आकडा बघितला आणि ठरवलं, दोन दिवस गप्प बसायचं. थोडा भाव खायचा! तिसऱ्या दिवशी तिकडूनच फोन. 'मॅडम, मेल बघितलात ना?' मी साळसूदपणे, 'नाही हो, जाम बिझी होते.' पलीकडे हसू. 'सोमवारी रात्री पावणेबाराला उघडलात, मग साडेबाराला, परत सकाळी. म्हणजे इंटरेस्ट आहे. आमच्याच रेटला फायनल करू या?'

केलं फायनल. खोटं पकडलं गेल्यावर कसला भाव खाणार?

पण डोकं जाम फिरलं. मेल वाचला तो माझ्या घरात, माझ्या लॅपटॉपवर. यांना कसं कळलं? डिजिटल मार्केटिंगमधल्या मित्राला विचारलं, तर मी अजून टायपरायटर वापरते असा चेहरा करून म्हणाला, 'अगं, पिक्सेल!'

झोल असा आहे. मेलमधला फोटो बऱ्याचदा मेलमध्ये नसतोच. असतो फक्त त्याचा पत्ता. आपण मेल उघडला की तो फोटो पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवला जातो. प्रत्येकाच्या मेलमध्ये हा पत्ता वेगळा ठेवला, की कोणी कधी उघडला याची तिकडे आपोआप नोंद होते. फोटो दिसायलाही नको. एक बाय एक पिक्सेलचा, पारदर्शक. दारावरची बेल आपणच वाजवतो, आणि आपल्यालाच ऐकू येत नाही!

एजन्सीला माझी घाई कळली. स्पॅमवाल्याला कळतं की हा पत्ता चालू आहे, इथे माणूस राहतो. मग काय, आणखी मेल!

आणि 'मी उघडतच नाही, नुसता प्रिव्ह्यू बघतो' म्हणणाऱ्यांत आमचे बाबा पहिले. ते अजून आउटलुकवाले. खरं तर आउटलुक 2003 सालापासून असे बाहेरचे फोटो आपणहून अडवतं. पण फोटोंच्या जागी लाल फुल्या दिसतात म्हणून बाबांनी भाच्याकडून 'सगळं चालू' करून घेतलं. एकदा आजी शेजारी बसलेली असताना त्यांनी एक स्पॅम डिलीट केला, आणि प्रिव्ह्यूमध्ये पुढचा आपोआप उघडला. चित्रासकट! आजीने चष्मा पुसला. त्या चित्राचं वर्णन या पानावर करता येणार नाही.

प्रिव्ह्यू म्हणजेही उघडणंच. 1999 साली 'बबलबॉय' नावाचा व्हायरस आला, त्याला तर आउटलुक एक्स्प्रेसमध्ये नुसता प्रिव्ह्यू पुरत होता. अटॅचमेंटला हात लावायचीही गरज नाही. ते भोक कधीच बुजवलं गेलं, पण फोटोचं हे भोक उघडंच राहिलंय.

जीमेल डिसेंबर 2013 पासून फोटो स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं. त्यामुळे तुमचा आयपी अ‍ॅड्रेस लपतो, पण उघडल्याची वेळ? ती कळू शकते. माझी कळलीच की! अ‍ॅपलने 2021 मध्ये आयओएस 15 बरोबर जास्त भारी आयडिया केली. त्यांच्या मेल अ‍ॅपमध्ये ते संरक्षण चालू केलं की, तुम्ही मेल उघडा न उघडा, फोटो आधीच मागवून ठेवले जातात. पाठवणाऱ्याने काय तो अंदाज बांधत बसावा.

माझ्याकडे आयफोन नाही (मानधनाचा आकडा वर आलाच आहे). म्हणून जीमेलच्या सेटिंग्जमध्ये जनरलखाली 'इमेजेस' शोधलं आणि 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडलं. एक मिनिटही लागलं नाही. सेलच्या जाहिराती आता भुंड्या दिसतात, खर्चही कमी होतोय. मात्र मेलमधल्या लिंकवर क्लिक केलंत तर पुन्हा कळणारच, तिथे हा उपाय चालत नाही. बाबांच्या आउटलुकमध्ये ट्रस्ट सेंटरमधल्या 'ऑटोमॅटिक डाउनलोड'मध्ये जाऊन लाल फुल्या परत आणल्या. बाबा कुरकुरले. आजी म्हणाली, 'राहू दे फुल्या.'

परवा दुसऱ्या एका एजन्सीचा मेल आला. रात्रीत सहा वेळा वाचला. उत्तर गुरुवारी देणार आहे.